सरळ रेघ आणि दाभोळची बोट

मुंबई आणि गुहागर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. गुहागर किंचित पूर्वेला, पण इतकं किंचित की व्याडेश्वराच्या देवळावर सूर्य माथ्यावर आला की दीडेक मिनिटात तो भाऊच्या धक्क्याच्याही माथ्यावर येतो. नकाशावर पट्टी धरली तर दोन्हींमधलं अंतर सुमारे १६५ किलोमीटर भरतं. ती रेघ किनाऱ्याला घासत खाली उतरते. कुठे पाण्यावरून, कुठे जंजिरा-मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै यांच्या अगदी लगतच्या डोंगरांवरून. विमानाला ती कापायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मुंबईहून गोव्याला जाणारा प्रवासी चहाची वाट पाहत असतो, तेवढ्यात गुहागरचा अक्षांश मागे पडलेला असतो.

रस्त्यानं मात्र हेच अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातं आणि सात-आठ तास खातं, गणपतीच्या दिवसांत त्याहून कितीतरी जास्त. शंभराहून अधिक किलोमीटरचा हा फरक खाड्यांमुळे पडतो. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, या सगळ्या मुखाशी रुंद आणि खोल. जुन्या काळात त्यांच्यावर पूल बांधणं शक्य नव्हतं. म्हणून रस्ता पूर्वेकडे सरकला, नद्या जिथे अरुंद होतात तिथे महाड, खेड, चिपळूण अशी गावं धरत गेला. चिपळूणला पोचलेला माणूस गुहागरसाठी पुन्हा पश्चिमेकडे ४५ किलोमीटर चालून येतो. ज्या खाड्यांनी रस्त्याला लांब ढकललं, त्याच खाड्यांनी बोटीला आत घेतलं. या किनाऱ्याच्या प्रवासाचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

त्या इतिहासाचं सर्वांत जुनं ठळक पान गुहागर तालुक्याच्या उत्तर टोकावरून समोर दिसतं. अंजनवेल किंवा वेलदूरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडे दाभोळ. बहमनी आणि आदिलशाही काळात हे दख्खनचं मोठं बंदर होतं. घोडे, कापड, मिरी आणि मक्केचे यात्रेकरू इथून जा-ये करत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला आणि परतीसाठी दाभोळला येऊन होर्मुझला जाणाऱ्या गलबतात बसला. दाभोळ ते होर्मुझ सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटर. वाऱ्यानं त्याचं गलबत भलतीकडे, थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेलं. इथिओपियाचे डोंगर त्यानं पाहिले, तिथल्या किनाऱ्यावर काही दिवस काढले, मग मस्कत आणि मग कुठे होर्मुझ. सरळ अंतर किती हा प्रश्न त्या माणसाला विचारणं व्यर्थ होतं. वारा कुठला आणि महिना कुठला, एवढंच त्याच्या प्रवासाला ठाऊक होतं.

१५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा यानं चौलच्या लढाईत मारल्या गेलेल्या मुलाचा सूड म्हणून दाभोळ जाळलं. गाव पुन्हा उभं राहिलं, पण जुनं वैभव हळूहळू ओसरत गेलं. किनाऱ्याजवळ आजही उभी असलेली दाभोळची देखणी मशीद विजापूरच्या एका शाहजादीनं बांधल्याचं सांगतात. ती मक्केला निघाली होती, पण समुद्रप्रवास शक्य झाला नाही, आणि तो पैसा मशिदीला लागला, अशी कथा आहे. कथेतला तपशील कितपत खरा हे बाजूला ठेवू. इथून मक्केपर्यंतची वाट खुली होती, आणि ती बंदही होऊ शकत होती, हे दोन्ही त्या कथेला माहीत आहे.

मुंबई मोठी होऊ लागली तशी या गलबतांची तोंडं उत्तरेला वळली. मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत. रात्री जमिनीवरून सुटणारा मतलई वारा धरायचा, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर पुढे सरकायचं, वारा पडला की नांगर टाकून बसायचं. वारा चांगला लागला तर मुंबई दोन दिवसांत, नाहीतर आठवडासुद्धा. निघण्याचा दिवस सांगता येई, पोचण्याचा नाही. आणि ज्येष्ठात समुद्र खवळला की तेही संपे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहीपर्यंत गलबतं शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असत. वर्षाचे तीन-चार महिने मुंबई आहे तिथेच राही, पण गुहागरच्या माणसाला ती जवळपास नाहीशी होई.

घाटावरून येणं तितकंच जड. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १८१२ साली गुहागरला आला. त्यानं इथे समुद्राच्या काठावर वाडा बांधला. पुढे इंग्रजी अंमल आल्यावर त्या वाड्याचं सामान रत्नागिरीच्या सरकारी इमारतींसाठी नेण्यात आलं. पेशव्यांच्या लवाजम्याला सह्याद्री उतरणं परवडत होतं. साध्या माणसाला तो कसा पडे, हे समजून घ्यायला एका मुलाची गोष्ट पुरेशी आहे.

धोंडो केशव कर्वे मुरूडचे, दाभोळच्या खाडीपलीकडच्या दापोली तालुक्यातले. १८७५ साली ते सतरा वर्षांचे होते आणि त्यांना सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या दाखल्याची परीक्षा द्यायची होती. परीक्षेसाठी किमान वय सतराच होतं. पावसाळा अजून सरला नव्हता, समुद्र खवळलेला, मुंबईची वाट बंद. उरला साताऱ्याचा मार्ग. मुरूड ते सातारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. पण त्या रेषेच्या मधोमध सह्याद्री उभा आहे. दोन-चार सोबती घेऊन कर्वे पायी निघाले. परीक्षेला मोजकेच दिवस उरले होते. सामान स्वतःच्याच खांद्यावर. चिखल, भरलेले ओढे, आणि पावसात कुंभार्लीचा घाट. शंभर मैलांहून जास्त अंतर तुडवून ते वेळेवर साताऱ्याला पोचले. परीक्षेच्या जागी समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही.

महर्षी कर्व्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून येतो आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. समितीसमोर उभा असलेला मुलगा किशोर दिसत होता, पण तो कुठून आणि कसा आला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. साताऱ्यातल्या अधिकाऱ्याच्या लेखी मुरूड हे शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव होतं. मधल्या शंभर मैलांचा हिशेब त्या खोलीत कुणाकडेच नव्हता. किनाऱ्यावरच्या लोकांच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा आलं आहे. निर्णय घेणारा नकाशावरचं अंतर पाहतो, आणि चालणाऱ्याचा वेळ कुणी धरत नाही.

सरकारनं हा वेळ कधी मुद्दाम वापरूनही घेतला. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आगगाडी नाही, आसपास मोठं शहर नाही, अशा जागी पदच्युत राजा सुरक्षित राहील हा विचार उघड होता. सावरकरांना १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं गेलं. इथल्या लोकांना जी अडचण होती, तीच राज्यकर्त्यांना तुरुंगाच्या भिंतीसारखी उपयोगी पडली.

एवढं असूनही याच काळात किनारा आणि मुंबई यांच्यात नियमित वाहतूक उभी राहिली होती, ती आगबोटीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या वाफेच्या बोटी कोकणच्या बंदरांना लागू लागल्या. स्वदेशीच्या भरात भागधारकांच्या पैशावर उभी राहिलेली देशी कंपनीही आली. लोक तिला आपुलकीनं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींची नावं रामदास, तुकाराम अशी. मुंबईत लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावानं ओळखला जाणारा भाऊचा धक्का, आणि तिथून खाली बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. ही यादी कोकणातल्या जुन्या माणसांना देवाच्या नावांसारखी पाठ असे, क्रमानं.

गुहागरला स्वतःचं बंदर नाही. गावाचा समुद्र उघडा, लांबलचक वाळूचा, सुरूच्या बनाला लागलेला. बोट थांबायला आडोसा नाही. म्हणून गुहागरची माणसं बैलगाडीनं किंवा पायी वेलदूर-धोपाव्याच्या काठाला जात, तिथून होडीनं खाडी ओलांडून दाभोळ. तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं जयगड धरत. कोकणच्या बहुतेक बंदरांत मोठी बोट किनाऱ्याला लागतच नसे. ती लांब नांगर टाकी, भोंगा देई, आणि मग पडावांतून माणसं, आंब्याच्या पेट्या, फणस, कोंबड्या, ट्रंका आणि वळकट्या बोटीच्या कडेला पोचत. हलत्या पडावातून हलत्या बोटीवर चढताना खलाशी माणसाला दंडाला धरून वर घेत. लेकुरवाळ्या बायकांनी पोरं आधी वर दिलेली असत.

वेळेचा हिशेब करून पाहावा. समुद्रातून दाभोळ मुंबईपासून सुमारे ९० सागरी मैल. दहा-अकरा नॉट वेगानं चालणाऱ्या बोटीला नुसतं चालायला आठ-नऊ तास. मधे बाणकोट, हर्णै असे थांबे, तिथली चढउतार. म्हणजे सकाळी मुंबईहून सुटलेली बोट संध्याकाळी किंवा रात्री दाभोळला येणार. पुढच्या काळात मुंबई-पणजी बोट सकाळी दहाच्या सुमाराला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे, म्हणजे बावीस ते चोवीस तास. गलबताच्या दोन ते आठ दिवसांवरून प्रवास एका दिवसावर आला. त्याहून मोठा बदल असा की पोचण्याचा दिवस आता सांगता येऊ लागला. ‘शनिवारच्या बोटीनं येतो’ असं पत्र लिहिणं शक्य झालं, आणि शनिवारी कुणी तरी खाडीच्या काठी वाट पाहत उभं राहू लागलं.

या बोटींनीच गिरणगाव भरला. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला होता. परळ-लालबागच्या चाळींमध्ये गावागावांच्या खोल्या होत्या, एका खोलीत एकाच वाडीची दहा-पंधरा माणसं. शेतीच्या दिवसांत गावाला, बाकी वर्षभर मुंबईत, असा दुहेरी संसार शक्य झाला तो डेकच्या तिकिटामुळे. गरीब माणसाला परवडेल असं ते तिकीट होतं. चाकरमान्याचं कोकण आगबोटीनं घडवलं असं मी म्हणतो, ते याच अर्थानं. त्याच बोटींतून शिकायला निघालेली मुलं गेली, मनीऑर्डरी आल्या, वर्तमानपत्रं आली, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या सुना आल्या. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. सुएझ कालवा खुला होऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि मुंबई-लंडन प्रवास दोन-तीन आठवड्यांवर आला होता. त्याच काळात आषाढात गुहागरहून मुंबईला निघणाऱ्या माणसाला मात्र बोट मिळत नसे.

समुद्रानं या सोयीची किंमतही घेतली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलं असताना, रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्या होती, माणसं सणाला घरी चालली होती. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवस हा दीड-दोन तासांचा पल्ला, मुंबईच्या अगदी दारातला. अलिबाग, पेण, जंजिरा-मुरूडच्या कितीतरी घरांतून त्या दिवशी एकापेक्षा जास्त माणसं एकदम गेली. दरवर्षी त्या तिथीला आठवण काढणारी कुटुंबं अजून आहेत. लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद ठेवण्यात केवढा शहाणपणा होता, हे त्या दिवसानं सगळ्या किनाऱ्याला दाखवलं.

याच वर्षांमध्ये आकाशात काय चाललं होतं? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून सकाळी निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. कराची-मुंबई सरळ अंतर पावणेनऊशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे मुंबई-गुहागरच्या पाचपट. ते एका छोट्या विमानानं वाटेत थांबून दिवस कलण्याआधी कापलं. त्याच दिवशी सकाळी मुंबईहून दाभोळला निघालेला प्रवासी तेव्हा अजून वाटेतच असणार. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनला निघालं. रामदास बुडाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कोकणाला आकाशातल्या या घडामोडींचा काही उपयोग नव्हता, हे खरंच; तेव्हा कुणालाच फारसा नव्हता. पण मोठ्या शहरांमधलं अंतर आक्रसत जाणं आणि शहर व त्याच्याच पोटापाण्याची माणसं पुरवणारी गावं यांच्यातलं अंतर तसंच राहणं, ही विसाव्या शतकाची रीत इथे फार स्पष्ट दिसते.

त्या १९४८ सालीच, १ जूनला, पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. बोटीला खरी टक्कर दिली ती विमानानं नाही, एसटीनं. मुंबई-गोवा रस्ता सुधारत गेला, खाड्यांच्या वरच्या अंगाला पूल झाले, आणि तांबडी गाडी गुहागरच्या स्टँडपर्यंत येऊ लागली. एसटी काही बोटीपेक्षा फार लवकर पोचवत नव्हती. काशेडीचा घाट, परशुरामचा घाट, खड्डे, धूळ, रात्रभराचा प्रवास. तरी माणसं तिच्याकडे वळली, कारण ती बारमाही होती. आषाढात आई आजारी पडली तर तिच्याकडे जाता येऊ लागलं. बोटीत खाटेइतकी जागा होती, समुद्राचा वारा होता, सोबत होती. पण चार महिने ती नव्हती. ज्या गावाचं सगळं तरुण मनुष्यबळ दुसरीकडे राहतं, त्या गावाला चार महिन्यांची ही तूट फार जड होती. बोट का मागे पडली याची बरीच कारणं सांगितली जातात, तोटा, जुन्या झालेल्या बोटी, गाळानं भरलेली बंदरं. ती सगळी खरी आहेत. माझ्या मते सर्वांत मोठं कारण हे पावसाळ्याचं होतं.

तरी बोट एकदम गेली नाही. देशी चौगुले कंपनीची कोकणसेवक आली. मग १९७० च्या दशकात सरकारी मोगल लाइनकडे ही वाहतूक गेली. मोगल लाइनचं मुख्य काम हज यात्रेकरूंना जेद्दाला नेण्याचं. दाभोळहून शतकांपूर्वी मक्केला गलबतं जात होती, आणि आता मक्केच्या यात्रेकरूंची कंपनी दाभोळच्या वाटेवर बोटी चालवत होती, हा योग मला नेहमी हलवून जातो. कोकणसेवक आणि कोकणशक्ती या दोन बोटींची नावं आज साठी-सत्तरीतल्या प्रत्येक कोकणी माणसाच्या तोंडी आहेत. १९८० च्या दशकाअखेर ही सेवाही संपली. किनाऱ्याची शेदीडशे वर्षांची सवय काही हंगामांत मोडली. सर्वांत मोठं नुकसान रत्नागिरीचं किंवा मालवणचं झालं नाही. त्यांना रस्ता होता. नुकसान झालं बाणकोट, हर्णै, दाभोळ, मुसाकाजी अशा गावांचं, जी फक्त बोटीमुळे मुंबईच्या वाटेवर होती. बोट गेल्यावर ती वाटेवरून उतरून वाटेच्या टोकाला गेली.

आणि मग रेल्वे. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाच्या रूपानं मार्गी लागली. दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि काम ई. श्रीधरन यांच्या हाती. सुमारे ७६० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. मुंबईहून चिपळूण पाच-सहा तासांवर आलं. खाडीच्या मुखापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्यालगत जाणं रेल्वेला भाग होतं, रस्त्याला होतं त्याच कारणानं. म्हणून गुहागरच्या प्रवाशाचा शेवटचा ४५ किलोमीटरचा टप्पा तसाच राहिला, रात्री अकराला चिपळूण स्टेशनावर उतरून पहाटेच्या एसटीची किंवा महाग रिक्षाची वाट पाहण्याचा. गुहागर-चिपळूण-कराड-विजापूर हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि एक पिढी त्याच्या पुरं होण्याची वाट पाहत मोठी झाली.

पाण्यावर मधल्या काळात एक प्रयत्न झाला होता. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीची वेगवान कॅटमरान मुंबई-गोवा धावू लागली, सात-आठ तासांत पणजी. जुन्या बोटीच्या एक-तृतीयांश वेळ. पण ती थेट जात होती. जुनी बोट बावीस तास घेई, कारण ती दहा बंदरांत थांबे, आणि प्रत्येक भोंग्याला कुठल्या तरी गावाची माणसं उतरत. वेग वाढवण्याचा पहिला सोपा उपाय म्हणजे थांबे गाळणं, आणि गाळला जातो तो नेहमी छोटा थांबा. त्या पांढऱ्या बोटीला गुहागरच्या किनाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. काही वर्षांत ती बंद पडली आणि किनाऱ्यावर फारसं कुणी हळहळलं नाही. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये आणि मोपाचा २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हाही गुहागरच्या वेळापत्रकात एक मिनिटाचा फरक पडला नाही.

मोठी जहाजं मात्र आजही गुहागरला येतात. अंजनवेलला एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या जागेवर द्रवरूप वायू उतरवण्याचं टर्मिनल आहे, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिथे पहिलं वायूवाहू जहाज लागलं. परदेशातून हजारो मैलांवरून येणारी ही अवाढव्य जहाजं. पण लाटा अडवणारी भिंत अपुरी राहिल्यामुळे कैक वर्षं हे टर्मिनल पावसाळ्यात बंद ठेवावं लागलं. अंजनवेलच्या गोपाळगडाच्या बुरुजांवरून दिसणारा तोच समुद्र, तेच चार महिने. फत्तेमारी ओढून ठेवणाऱ्या तांडेलाला जे माहीत होतं, ते मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनाही मान्य करावं लागलं.

किनाऱ्याला पुन्हा जोडण्याचं मोठं काम एका साध्या फेरीबोटीनं केलं आहे. धोपावे ते दाभोळ ही वाहनं नेणारी सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गुहागरहून गाडीनं दाभोळला जायचं तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा होता, समोरच्या गावासाठी. आता खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. दुसऱ्या टोकाला तवसाळ-जयगड फेरी आहे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना मांडल्या गेलेल्या रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना चार दशकं कागद आणि अर्धवट पूल यांत अडकून पडली, ती गरज या फेऱ्यांनी आपापल्या परीनं भागवली. फेरीवर दुचाकी लावून उभ्या असलेल्या मासेविक्रेत्या बाया, शाळेची मुलं, दापोलीहून हेदवी-वेळणेश्वरला निघालेली कुटुंबं पाहिली की वाटतं, ज्या गोष्टीची एवढी गरज होती ती व्हायला इतकी वर्षं का लागावीत.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, तासाभराची. २०२५ मध्ये राज्य सरकारनं तीच कल्पना खाली कोकणात न्यायची घोषणा केली, भाऊचा धक्का ते जयगड सुमारे तीन तास, पुढे विजयदुर्ग. जयगडला उतरून तवसाळची फेरी घेतली की माणूस गुहागर तालुक्यात. आगबोटीच्या काळातही तालुक्याच्या दक्षिणेकडची माणसं याच वाटेनं येत होती. जयगडनंतर थेट विजयदुर्ग, असं त्या घोषणेतलं नियोजन. दाभोळ त्यात नाही. दाभोळच्या खाडीत तो थांबा मिळावा म्हणून गुहागर आणि दापोली या दोन्ही तालुक्यांनी एकत्र बसून मागणी करायला हवी, आणि ती आत्ताच करायला हवी, वेळापत्रक पक्कं होण्याआधी.